अळणी

हौशीरामनं ती बारकी गोळी जिभेखाली सरकवली, बाकीच्या घोटभर पाण्याबरोबर गिळल्या आणि तोंड उघडून साळुबाईला दाखवलं. जीभ मात्र वर उचलली नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली. बोलायला गेला असता तर गोळी दातावर आली असती.

साळुबाईनं तांब्यात डोकावून बघितलं आणि तांब्या उचलून आत नेला. नवऱ्यानं दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं, चहा आणि ताकासकट, आणि त्या पाण्यावर तिचा पोलीसपाटलासारखा पहारा असायचा. ती आत गेल्यावर हौशीराम गोठ्यात गेला. गोळी तळहातावर थुंकली. वरचा रंग विरघळून ती पांढरी पडली होती. शेणाच्या पाटीत बोटानं खड्डा करून त्यानं ती आत दाबली, हौदात हात खंगाळले आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. शिमग्यापासून रोज सकाळचा हा उद्योग होता. नातवंडं झालेला माणूस शाळेतल्या पोरासारखा गोळ्या लपवतो, याची त्याची त्यालाच लाज वाटायची. पण त्याहून मोठी लाज शर्टाच्या आत होती.

गेल्या पावसाळ्यात त्याचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, आडवं झालं की दम लागायला लागला. तपासण्या केल्या तेव्हा किडनीही निम्म्यानंच चालतेय असं निघालं. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, दिवाळीनंतर त्यांत ही बारकी गोळी वाढवली, आणि तिनं चांगला गुण आला. सूज उतरली, दम गेला, हौशीराम पुन्हा बेल्ह्याच्या बाजारात दिसायला लागला. संक्रांतीच्या सुमाराला मात्र छातीत दोन्ही बाजूंना गाठी आल्यासारखं झालं. मग त्या दुखायला लागल्या. मग छाती वर आली आणि शर्टातून दिसायला लागली, वयात येणाऱ्या पोरीसारखी. हे शब्द हौशीरामनं मनातल्या मनातसुद्धा कधी पुरते उच्चारले नाहीत.

कशानं झालं ते त्यानं स्वतःच शोधून काढलं. त्याची उभी हयात बैल पारखण्यात गेली होती. बेल्ह्याच्या बाजारात जोडी घ्यायची म्हटलं की आसपासच्या वाड्यांतली माणसं आधी हौशीरामला बरोबर घ्यायची. जनावराला खाण्यातलं काही सोसेनासं झालं की एकेक जिन्नस बंद करून बघायचा, आधी पेंड, मग भरडा, मग हिरवा चारा, ही त्याची रीत. तीच त्यानं स्वतःवर चालवली. शेवटी आलेली गोळी आधी बंद केली, आणि थोड्याच दिवसांत दुखणं उतरायला लागलं. छाती तशीच राहिली, पण कुशीवर वळता येऊ लागलं.

डॉक्टरीणबाईंना सांगता आलं नसतं का? आलं असतं की. पण एक तर त्या बाई, वयानं त्याच्या लेकीसारख्या. आणि दुसरं म्हणजे दर खेपेला शेजारच्या खुर्चीत मुलगा, आदेश. चाकणच्या कंपनीतून रजा काढून यायचा बिचारा. "काही त्रास?" असं बाईंनी विचारलं की हौशीराम म्हणायचा, "न्हाई. लई बेस हाये." मग सगळे समाधानानं घरी यायचे.

हा माणूस जन्मभर हौदाजवळच्या दगडावर उघड्या अंगानं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत आंघोळ करत आलेला. आदेशनं घरात फरशी घालून न्हाणीघर बांधलं तेव्हा, "ह्यात माणसं न्हाणार का कोंबड्या कोंडणार?" म्हणून त्यानं चार लोकांत टिंगल केली होती. आता तो त्याच खुराड्यात आतून कडी लावून आंघोळ करायचा. वैशाखाच्या उन्हात शर्टाखाली दोन बंड्या घालायचा, एकीवर एक, म्हणजे छाती दबून राहील.

"उकडत न्हाई का वो?" साळुबाईनं एकदा विचारलं.

"मला थंडी वाजती," तो म्हणाला.

तिनं पुढं काही विचारलं नाही. तिला पटलं असं समजून तो निर्धास्त झाला.

साळुबाईला तसाही विचार करायला वेळ कुठं होता? डॉक्टरांनी तिचा सगळा स्वयंपाकच उलटापालटा करून टाकला होता. भाजी चिरायची, पाण्यात भिजत ठेवायची, उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. बटाटा नको, केळं नको, नारळ नको, डाळ जपून, मीठ तर नकोच. आणि टोमॅटो नको. बांधापलीकडं शेजाऱ्याच्या रानात लालभडक टोमॅटोचा खच पडलेला असताना नको. पुरणाच्या डाळीचं पाणीसुद्धा वाया न घालवता त्याची आमटी करणाऱ्या घरातली ती बाई. भाजीचं सत्त्व मोरीत ओतताना तिचा हात अडखळायचा, पण ती ओतायची. त्यात आजाऱ्याला बघायला येणारं माणूस रिकाम्या हातानं कधी येत नाही, आणि आणतं काय, तर शहाळी आणि केळी. नेमकं तेच वर्ज्य. ती हसतमुखानं घ्यायची, चहा टाकायची, आणि पाहुणे वळले की पिशवी शेजारच्या ठकूबाईकडे पोचती करायची. हौशीरामच्या आजारात ठकूबाईची तब्येत मात्र फार सुधारली.

हौशीरामला सुरुवातीला जेवण म्हणजे शिक्षा वाटायची. अळणी घास तोंडात फिरत राहायचा, अर्धं ताट तसंच ठेवून तो उठायचा. अलीकडे आमटीला जरा चव यायला लागली होती. जिभेला सवय झाली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर त्याला शंका आली होती, पण चांगली लागणारी आमटी चौकशी करून कोण घालवून बसतं?

गोळी सुटली त्याला महिना होतो न होतो तोच पाय पुन्हा भरायला लागले. एका दुपारी साळुबाईनं त्याच्या नडगीवर अंगठा दाबून बघितला.

"आवो, ह्ये बगा. खड्डा ऱ्हातोय."

"चालून आलोय म्हणून आसंल."

"कुठं चालला? वट्यावरनं गोठ्यात?"

तो गोठ्याकडं बघायला लागला.

"माज्याच हातनं काय तरी चुकतंय," ती म्हणाली. "भाजी उद्यापासनं दोनदा उकळते."

त्या वेळी त्यानं सांगायला हवं होतं. ती खाली बसून त्याच्या पायाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा त्याला स्पष्ट दिसत होता. पण सांगायचं म्हणजे गोळीचं सांगायचं, आणि गोळीचं सांगायचं म्हणजे का सोडली तेही. त्यानं पाय आखडून घेतला.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो हट्टानं बेल्ह्याला गेला. घरात बसून साळुबाईला भाजी उकळताना बघण्यापेक्षा बाजार बरा, असं त्याला झालं होतं. टेम्पोतून उतरला तेव्हाच छाती वरखाली होत होती. जनावरांच्या रांगा सुरू होतात तिथं जुन्नरच्या गफूरचं नेहमीचं दुकान मांडलेलं होतं. कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा. दोघांची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीची. हौशीरामनं जोडी पसंत केली की गिऱ्हाईक कासरा गफूरकडूनच घेणार, हे ठरलेलं.

"हौशीरामभाऊ!" गफूर दोन्ही हात पसरून उठला. "किती दिसांनी, राव!"

आणि त्यानं कडकडून मिठी मारली.

छातीतून कळ गेली. पण कळेपेक्षा दुसरीच भीती मोठी होती. याला लागलं असेल. याला कळलं असेल. हौशीरामनं दोन्ही हातांनी गफूरला असं ढकललं की तो मागच्या कासऱ्यांच्या ढिगावर जाऊन बसला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"काय झालं?" गफूर बसल्या जागेवरून म्हणाला. "आमी परके झालो व्हय?"

"घाम... घाम आलाय मला," हौशीराम म्हणाला आणि पाठ फिरवून चालायला लागला. मागून गफूर काही म्हणाला ते त्यानं ऐकलं नाही. बैलांच्या रांगेतून तो जमेल तेवढ्या जोरात निघाला, आणि रांग संपायच्या आत त्याचा श्वास संपला. एका टेम्पोच्या चाकाला टेकून तो खाली बसला. हवा आत जाईना. डोळ्यांपुढं धूळच धूळ.

त्याला उचलायला आला तोही गफूरच. दुकान तसंच उघडं टाकून आला. टेम्पो त्यानंच ठरवला, आदेशला फोन त्यानंच केला. घरापर्यंत तो हौशीरामशेजारी बसून आला, पण मध्ये वीतभर जागा सोडून, खांद्याला खांदा लागणार नाही असा. त्या वीतभर जागेकडं बघत हौशीराम सगळी वाट धापत राहिला. दोस्ताला हात लावायची चोरी वाटावी, अशी पाळी आपण आणली, हे त्याला फार लागलं.

आदेश चाकणहून थेट गाडी घेऊन आला आणि तिघं मंचरला गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. धाप जरा बसली तेव्हा रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन त्या टेबलामागं बसल्या. हौशीराम तपासणीच्या खाटेवर उशाला टेकून बसला होता. साळुबाई आणि आदेश खुर्च्यांवर.

"पोटॅशियम आटोक्यात आहे, ते चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "भाजी नीट उकळताय, दिसतंय. पण छातीत पाणी झालंय, वजन वाढलंय. पाणी काढायची गोळी मी वाढवू शकते, पण ती वाढवत गेले तर किडनीवर ताण येतो. म्हणून आधी कारण सापडायला हवं. आजी, मीठ कुठून जातंय का?"

"न्हाई बाई. मिठाचा खडा न्हाई."

"लोणचं? पापड? फरसाण?"

"घरातच आणत न्हाई."

"आठवा जरा. आमटीला चव यावी म्हणून काही?"

साळुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शेंदेलोण घालते चिमटीभर," ती म्हणाली. "पर त्ये मीठ न्हाई. उपासाला चालतंय त्ये."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "उपासाला चालतं, आजी. पण ते मीठच. हे समुद्रातलं, ते खाणीतलं, एवढाच फरक. शरीराला दोन्ही सारखंच."

"आई!" आदेशचा आवाज खोलीबाहेर गेला असावा. "आगं, यवढं समजावून सांगितलंय दर खेपंला! मीठ म्हंजी मीठ! माणूस जाईल ना आशानं!"

"मला काय ठावं," साळुबाई म्हणाली. "उपासाला चालतंय, म्हणून..."

"असू दे. कळलं हे बरं झालं," बाई म्हणाल्या. "ते आजपासून बंद. दोन दिवस इथं ठेवून पाणी काढू. बाकी गोळ्या आहेत त्याच चालू राहतील."

प्रश्न मिटला होता. हौशीरामला ते एका क्षणात कळलं. कारण सापडलं होतं, गुन्हेगार सापडला होता, आणि आता त्याला कोणी काही विचारणार नव्हतं. गोठ्यातली शेणाची पाटी कोणी उकरणार नव्हतं. त्यानं फक्त गप्प राहायचं, आणि गप्प राहण्यात तर तो आता तरबेज झाला होता.

आदेश उठून खिडकीशी गेला, रागानं बाहेर बघत उभा राहिला. साळुबाई खुर्चीत पुढं वाकली होती. तिचे हात मांडीवर उलटे पडले होते, आणि ती त्यांच्याकडंच बघत होती.

"माज्याच हातानं," ती हळूच म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

हौशीरामनं नाकावरची नळी बाजूला केली.

"मिठानं न्हाई झालं," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली.

"ती बारकी गोळी. दिवाळीनंतर दिली ती. मी घेत न्हाई. शिमग्यापासनं थुकून टाकतोय. हिच्या म्होरं तोंडात घेतो आन् गोठ्यात जाऊन टाकतो."

आदेश खिडकीपासून वळला. "आबा?"

"का टाकता?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

हौशीरामनं मुलाकडं बघितलं, मग भिंतीकडं. आणि शर्टाचं वरचं बटण काढायला घेतलं. बटण लवकर निघेना. बाई उठल्या आणि पडद्याला हात घालून आदेशला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर..."

"ऱ्हाऊ द्या त्येला," हौशीराम म्हणाला. "एकदाच काय त्ये हू द्या."

शर्ट निघाला. पहिली बंडी निघाली, मग दुसरी. उघड्या अंगानं तो खाटेवर बसला आणि कुठं बघावं ते न कळून त्यानं डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज होता. आदेशनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्याचा मघाचा राग कुठल्या कुठं गेला होता.

बाईंची बोटं गार होती. "दुखतं?"

"आता कमी हाये. गोळी सोडल्यापासनं."

"हे त्या गोळीनंच झालंय," त्या म्हणाल्या. "पुरुषांना होतं तिच्यानं, तुम्हाला एकट्याला नाही. मी तुम्हाला आधी सांगून ठेवायला हवं होतं. खात्रीसाठी एक सोनोग्राफी करू. पण याच कामाची दुसरी गोळी आहे, तिनं सहसा असं होत नाही. पाणी उतरलं, रक्त पुन्हा तपासलं की ती सुरू करू."

हौशीरामनं डोळे उघडले.

"दुसरी गोळी हाये?"

"आहे की."

कोंडून केलेल्या आंघोळी, दोन-दोन बंड्या, कासऱ्यांच्या ढिगावर बसलेला गफूर. आणि उत्तर एवढंच होतं. त्याला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले, आणि या वेळी त्यानं ते लपवले नाहीत.

बाई औषधं सांगायला बाहेर गेल्या. आदेश पुढं आला, खाटेवरचा शर्ट उचलून त्यानं बापाच्या खांद्यांवर टाकला आणि बाईंच्या मागोमाग गेला. साळुबाई अजून जागची हलली नव्हती.

"तुला कळू द्यायचं नव्हतं," हौशीराम म्हणाला.

"मला ठावं व्हतं."

"गोळीचं?"

"गोळीचं न्हाई. त्ये आसतं ठावं तर जबडा धरून घातली आसती." तिनं नाक ओढलं. "छातीचं. कुशीवर वळला की झोपंत कण्हायचा तुमी. बंड्या कोण धुतंय तुमच्या?"

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी झाकत व्हता. तुमी झाकलेलं मी कशाला उघडं करू?"

साळुबाई बोटाला गुंडाळलेला पदर सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"दिसा दिसाला वाळत चालला व्हता," ती म्हणाली. "कुणात बसंना, कुणाशी बोलंना. त्या छातीचं मला काय करता येत व्हतं? म्हटलं, निदान तोंडाला तरी चव यावी."

दाराबाहेर आदेश डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारत होता. हौशीरामनं शर्टाची बाही चढवली, दुसरी चढवली. बटणं उघडीच राहू दिली.

"आजपासनं अळणीच घाल," तो म्हणाला. "खाईन मी."